सिट्रीन : तापवलेले व नैसर्गिक

सिट्रीन हा क्वॉर्ट्झचा पिवळा प्रकार. आपल्याकडे तो सुनेला या नावाने, पुष्कराजाला स्वस्त पर्याय म्हणून विकला जातो. निसर्गात तो विरळाच. दुकानांतला बहुतेक सिट्रीन हा भट्टीत तापवलेला ॲमेथिस्ट, म्हणजे क्वॉर्ट्झचाच जांभळा प्रकार असतो. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातला ॲमेथिस्ट त्यासाठी विशेष वापरतात. सुमारे ४००–५०० अंश सेल्सियसला त्यातील लोहाची अवस्था बदलून जांभळा रंग जातो, पिवळा ते विटकरी रंग येतो. अशा तापवलेल्या स्फटिकांच्या गुच्छातले सुळके टोकाला गडद नारिंगी, बुडाशी दुधी पांढरे दिसतात. नैसर्गिक खडा बहुधा फिकट, किंचित धुरकट असतो. तापवल्याचे न सांगता विकणे ही ग्राहकाची उघड फसवणूक होय.

स्फटिकोपचार करणाऱ्यांपैकी काहीजण तापवलेल्या खड्याची ‘ऊर्जा’ गेली असे मानतात, काही अग्निसंस्काराने ती वाढते म्हणतात. दोन्ही मतांना वैज्ञानिक आधार नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रयोगात खरा स्फटिक आणि नकली खडा हाती धरणाऱ्यांना सारख्याच संवेदना जाणवल्या. काय जाणवेल हे आधी सांगितलेल्यांना त्या अधिक जाणवल्या.