भाऊ दाजी : अध्यापकाचे वैद्यक

मनुष्याने तरुणपणी एक व्यवसाय पत्करावा आणि त्यातच देह ठेवावा, अशी आपल्या समाजाची सर्वसाधारण समजूत आहे. वैद्यकाच्या बाबतीत तर ती अधिकच दृढ झालेली दिसते. डॉक्टर होणे हे सोळा-सतरा वर्षांच्या वयातच ठरावयाचे, आणि तेव्हा ते न ठरल्यास पुढे कधीही नाही, असा जणू नियमच झाला आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची वरची वयोमर्यादा २०२२ साली उठली. तथापि लोकांच्या मनातील मर्यादा अद्याप उठलेली नाही. म्हणून पश्चिम हिंदुस्थानात नव्या वैद्यकाचा पाया घालणाऱ्या पहिल्या पिढीतील एक अग्रगण्य पुरुष आधी अध्यापक होता, याचे स्मरण करणे उचित ठरेल. हा पुरुष म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचा जन्म १८२२ साली गोव्यातील पेडणे भागात मांद्रे येथे झाला. लहानपणी त्यांची बुद्धिबळातील चमक एका इंग्रजाच्या नजरेस आली आणि त्याने मुलाला इंग्रजी विद्या देण्याविषयी वडिलांचे मन वळविले, अशी हकीगत सांगतात. मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले. कच्छ-काठेवाडातील बालहत्येच्या चालीवर लिहिलेल्या निबंधाबद्दल त्यांना पारितोषिक मिळाले आणि त्याच संस्थेत ते अध्यापक झाले. त्या काळी एवढ्यावर एखाद्याचे आयुष्य मानाने पार पडले असते.

१८४५ साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी त्याची कल्पना पुरस्कारिली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती मूर्त झाली. डॉ. चार्ल्स मोरहेड हे कॉलेजचे प्रमुख होते, आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय शेजारीच होते. तत्पूर्वी १८२६ साली निघालेली देशी वैद्यकशाळा सहा वर्षांतच बंद पडली होती, म्हणजे नव्या कॉलेजाच्या यशाची कोणाला खात्री नव्हती. शिवाय शवविच्छेदनाचा प्रश्न होता. कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त या वैद्यकाच्या अध्यापकाने १८३६ मध्ये हे बंधन मोडले होते. परंतु मुंबईच्या उच्चवर्णीय कुटुंबांत प्रेताला सुरी लावणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी त्यामुळे बदलली नव्हती. अशा वेळी हातची अध्यापकी सोडून पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसणे सोपे नव्हते. भाऊ बसले. १८५१ साली पहिल्या तुकडीबरोबर पदवी घेऊन ते बाहेर पडले, तेव्हा तिशी जवळ आली होती. पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झालेले आत्माराम पांडुरंग हे याच तुकडीतले.

भाऊंचा दवाखाना पाहता पाहता नावारूपास आला. पण अध्यापकाची वृत्ती त्यांनी कॉलेजच्या दाराशी ठेवून दिली नव्हती. ते बोर्ड ऑफ एज्युकेशनचे सभासद झाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा त्याच्या मूळ फेलोंत होते, विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र मंडळाचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले आणि मुलींच्या शिक्षणासाठी झटले. याखेरीज रोगी तपासून उरलेला वेळ त्यांनी शिलालेख, नाणी आणि संस्कृत पोथ्या यांना दिला. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख त्यांनी वाचले. गिरनारवरील रुद्रदामा आणि स्कंदगुप्त यांच्या लेखांवर त्यांनी लिहिले.

माळव्यातील वाचकांनी भाऊंचे विशेष ऋण मानावे अशा दोन गोष्टी आहेत. कालिदासावरील निबंधात, उज्जयिनीच्या विक्रमाने ज्याला काश्मीरचे राज्य दिले तो मातृगुप्त म्हणजेच कालिदास, असे मत त्यांनी मांडले. पुढील विद्वानांनी ते स्वीकारले नाही. पण कालिदासाच्या कालनिर्णयाची चर्चा त्यामुळे चालना पावली. दुसरी गोष्ट अधिक टिकाऊ ठरली. खंडखाद्यकावरील आमराजाच्या टीकेतून अवंतीच्या वराहमिहिराचे निधनवर्ष शके ५०९ असल्याचा उल्लेख त्यांनी उजेडात आणला, आणि १८६५ मध्ये प्राचीन ज्योतिर्विदांच्या काळावरील निबंधात तो मांडला. दिवसभर नाड्या पाहणाऱ्या माणसाने हे काम केले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या दोन विद्या भाऊंच्या ठायी वेगळ्या नव्हत्या. पोथीत सांगितलेले औषध तपासून पाहावे, ही जिज्ञासा त्यांना संस्कृताने दिली आणि ते तपासण्याची रीत नव्या वैद्यकाने. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरकाचे तेल सांगितले आहे. त्याच जातीचे झाड कोकणात कडू कवठ म्हणून ओळखले जाते. १८६० नंतरच्या दशकात भाऊंनी महारोगावर जो उपचार सुरू केला त्याचा आधार हेच तेल होते. महारोग हा असाध्य, असे सारे जग तेव्हा मानीत होते. रोग्यांना गुण येतो असा बोलबाला झाला आणि जिजीभाई रुग्णालयात रोगी तपासण्यास त्यांना पाचारण करण्यात आले.

येथेच त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. हा उपचार त्यांनी जगापुढे मांडला नाही. वृत्तपत्रांत निनावी आणि कडवट पत्रे आली; औषध जाहीर करा, असा आग्रह झाला; भाऊंनी दाद दिली नाही. मे १८७४ मध्ये, वयाची बावन्न वर्षे पुरी होण्याआधीच, ते वारले आणि उपचाराची पूर्ण माहिती त्यांनी स्वतः दिलीच नाही. हाच पुरुष १८६२ च्या महाराज खटल्यात करसनदास मूळजींच्या बाजूने न्यायासनापुढे उभा राहिला होता आणि जदुनाथजी महाराजांना कोणता रोग जडला होता हे, बड्या लोकांचा रोष पत्करून, शपथेवर सांगून आला होता. तेव्हा तो भीतीपोटी गप्प बसला असे म्हणता येणार नाही. अर्धवट प्रयोग प्रसिद्ध झाला तर भोंदू त्याचा बाजार मांडतील, असे त्याला वाटले असणे शक्य आहे. तरीही अध्यापकाच्या मापाने मोजले तर येथे उणेपणा राहिलाच. शिलालेखाचे वाचन त्याने छापून विद्वानांच्या खंडनासाठी मोकळे केले. मातृगुप्ताचे मत चुकले तरी त्यातून ज्ञान पुढे गेले. औषधाला ती संधी मिळाली नाही. त्याच जातीच्या बियांचे तेल पुढे जगभर महारोगावर वापरले गेले आणि १९४० नंतर सल्फोन औषधांनी त्याची जागा घेतली. त्या इतिहासात भाऊंचे नाव तळटीपेत उरले.

उशिरा वैद्यकाकडे वळलेल्यांची आणखी दोन उदाहरणे याच रोगाशी निगडित आहेत. अल्बर्ट श्वाइट्झर हे धर्मशास्त्राचे अध्यापक. १९०५ साली तिसाव्या वर्षी ते वैद्यक शिकू लागले, १९१३ मध्ये आफ्रिकेत लांबारेने येथे गेले, आणि नोबेल पारितोषिकाच्या पैशाने त्यांनी महारोग्यांची वसाहत उभारली. बाबा आमटे हे वरोऱ्याचे वकील. कलकत्त्यास जाऊन त्यांनी महारोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले आणि आनंदवन उभे केले. त्यांना पदवीचे डॉक्टर म्हणता येणार नाही. उत्तर आयुष्यात नर्मदाकाठी कसरावद येथे त्यांनी अनेक वर्षे वास्तव्य केले, म्हणून इंदूरकरांना ते परके नाहीत. या दोघांनी जे शिकले ते वसाहतीच्या रूपाने इतरांच्या हाती दिले. म्हणून ते त्यांच्यामागे चालू राहिले.

इंदुरात १८७८ पासून वैद्यक शिकविले जात आहे; किंग एडवर्ड मेडिकल स्कूलचा हा वारसा आज महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय चालवीत आहे. तेथे उद्या एखादा शिक्षक, कारकून वा अभियंता प्रौढ वयात दाखल झाला, तर त्याची मागील वर्षे फुकट गेली असे कोणी म्हणू नये. भाऊ दाजींची गेली नाहीत. मात्र पहिल्या व्यवसायाचे ऋण दुसऱ्या व्यवसायातही फेडावे लागते. शिक्षक होता तो डॉक्टर झाला, तरी शिकविण्याच्या कर्तव्यातून सुटला नाही, हा भाऊंच्या यशाचा आणि त्यांच्या एका अपयशाचाही अर्थ आहे.