धनुष्याची दोरी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्षाची कामं सांगितली आहेत. शस्त्रांच्या कोठारात काय काय असावं, याची तिथे यादी आहे. धनुष्यं चार प्रकारची: ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची. दोऱ्या मात्र सहा वस्तूंच्या: मूर्वा, रुई, ताग, गवेधु नावाचं गवत, बांबू आणि स्नायू. तलवारी, चिलखतं, यंत्रं अशा मोठ्या पसाऱ्यात ही ओळ कुणाच्या नजरेत भरत नाही. पण धनुष्याच्या कांबीपेक्षा तिच्या दोरीसाठी जास्त पर्याय हाताशी ठेवणारा हा ग्रंथकार कारागिरांच्या जवळ बसलेला असला पाहिजे. घरी धनुष्य करायला घेतलेल्या माणसालाही कांब तासून झाली की पहिला प्रश्न दोरीचाच पडतो.

इतिहासात दोरी हरवते, कारण ती कुजते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यातून शंभराहून अधिक धनुष्यं आणि हजारो बाण मिळाले. दोऱ्या मात्र पाण्यात विरून गेल्या होत्या. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ‘ओत्सी’ नावाचा गोठलेला माणूस हा दुर्मीळ अपवाद. त्याच्या भात्यात बाणांसोबत एक पिळलेली दोरी होती. ती प्राण्याच्या स्नायूंची, तीन पदरी असल्याचं पुढे तपासणीत दिसलं. गंमत अशी की त्याचं धनुष्य अजून अर्धवट तासलेलं होतं. कांब पुरी होण्याआधीच दोरी तयार होती.

चांगल्या दोरीकडून तीन गोष्टी लागतात. ती ताणली तरी लांबू नये, झटक्यानं तुटू नये आणि हलकी असावी. हलकेपणा इथे फार महत्त्वाचा. बाण सुटताना दोरीही पुढे धावते. तिच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा बाणाच्याच वजनात मिळवावा लागतो, आणि तेवढा वेग कमी होतो. म्हणून जाडजूड दोरीनं धनुष्य सुरक्षित वाटलं तरी बाण मंद जातो. आणि या तिन्ही गुणांची परीक्षा घेतो तो पाऊस.

स्नायू म्हणजे हरणाच्या किंवा गुरांच्या पाठीच्या आणि पायांच्या कंडरा. वाळवून, ठेचून त्यांचे तंतू सोडवायचे, ओले करून पीळ द्यायचा आणि ताणून सुकवायचं. कोरड्या हवेत ही दोरी उत्तम काम देते. ओलावा लागला की मात्र ती सैल पडते. वनस्पतीच्या धाग्यांचं उलट आहे. अंबाडी, जवस किंवा तागाच्या जातीचे धागे भिजले की कमजोर होत नाहीत, थोडे बळकटच होतात. १३४६ च्या क्रेसीच्या लढाईआधी पाऊस पडला, तेव्हा फ्रेंचांच्या बाजूच्या जिनोवाच्या तिरंदाजांच्या दोऱ्या निकामी झाल्या आणि इंग्रजांनी आपल्या दोऱ्या पावसापासून जपल्या, असं त्या काळच्या फ्रेंच इतिवृत्तकारानं लिहिलं आहे. धागा कोणताही असो, पावसात दोरी उतरवून ठेवायची, ही सवय अनेक मुलखांतल्या तिरंदाजांना होती.

कौटिल्याच्या यादीतली रुई प्रत्येक मराठी माणसाच्या ओळखीची आहे. शनिवारी मारुतीला हिच्याच पानांची माळ घालतात. पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला, कुणी न लावता ती उगवते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. तिच्या सालीखाली रेशमासारखे पांढरे, चकचकीत तंतू असतात. ते काढण्याची रीत साधी आहे. सरळ फांद्या तोडून एक-दोन दिवस उन्हात सुकू द्यायच्या, मग ठेचून साल सोलायची आणि आतले तंतू हातानं वेगळे करायचे. तागासारखं पाण्यात कुजत घालावं लागत नाही. चीक डोळ्यांत जाणार नाही, एवढी काळजी घ्यायची.

चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधर पद्धतीत धनुर्विद्येवर एक प्रकरण आहे. दोरी रेशमाची, करंगळीएवढी जाड, गुळगुळीत आणि गाठ नसलेली असावी, रेशीम नसेल तर हरणाचे स्नायू चालतील, असं सांगून पुढे भाद्रपदात रुईच्या सालीची दोरी प्रशस्त म्हटली आहे. महिना असा नेमून देण्यामागे अनुभव असावा. पावसानं नवे सरळ धुमारे फुटलेले असतात, साल रसरशीत असते आणि सहज सुटते.

या धाग्याचं बळ मोजलंही गेलं आहे. मद्रासमध्ये रॉबर्ट वाइट यांनी वेगवेगळ्या भारतीय धाग्यांच्या दोऱ्यांना वजनं टांगून पाहिली, आणि त्यांचे आकडे फोर्ब्ज रॉयल यांनी १८५५ च्या आपल्या ग्रंथात दिले. काथ्याची दोरी २२४ पौंडांना तुटली, मूर्वेच्या जातीची ३१६ ला, कापसाची ३४६ ला, तागाची ४०७ ला. रुईची ५५२ पर्यंत टिकली. ज्या झुडपाला शेतकरी बांधावरून उपटून टाकतो, ते या यादीत सगळ्यांच्या वर आहे.

मूर्वा नेमकी कोणती, यावर वैद्यांचं एकमत नाही. महाराष्ट्रात मोरवेलीला मूर्वा म्हणतात. बंगालकडे लांब पट्ट्यांसारख्या पानांचं झुडूप धरतात; सोसायट्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीत दिसणारं स्नेक प्लांट त्याचंच आफ्रिकी भावंड. राजमहालच्या डोंगरांतले पहाडी लोक तिसऱ्याच एका वेलीच्या सालीची दोरी करत. मला वाटतं, नावावरचा हा गोंधळ वस्तूला धरूनच आहे. ज्या मुलखात जी वेल बळकट, ती तिथली मूर्वा. मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या दोरीची सांगितली आहे, ब्राह्मणाची मुंज गवताची आणि वैश्याची तागाची.

आता बांबू. सातपुड्यातल्या भिल्लांच्या तिरकामठ्याची कांब बांबूची, आणि दोरीही बांबूची. बांबूच्या बाहेरच्या हिरव्या सालीची लांब, पातळ पट्टी काढायची, आतला भुसभुशीत गर सुरीनं खरवडून टाकायचा, पट्टी कडेनं गुळगुळीत करायची आणि कांबीवर चढवायची. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ही दोरी पाहून तिची नोंद केली. बाजारातून काहीही आणावं लागत नाही. एका बेटातून एका सुरीनं सगळं उभं राहतं. तुटली तर दुसरी पट्टी तिथेच काढता येते. शिवाय बांबूची बाहेरची साल पाणी फारसं शोषत नाही आणि ताणली तरी लांबत नाही. चार महिने धो धो पडणाऱ्या पावसाच्या मुलखात याहून समजूतदार निवड दुसरी कोणती? अर्थशास्त्राच्या यादीतला ‘वेणू’, म्हणजे बांबू, सातपुड्यात असा हातातलं काम म्हणून टिकून राहिला.

दरबारी धनुष्याचं जग वेगळं होतं. लाकूड, शिंग आणि स्नायू सरसानं जोडून केलेल्या मुघली कमानीला रेशमाचा चिल्ला, म्हणजे दोरी, चढवत. तो तलम आणि वेगवान. पण भिजल्यावर रेशमाचं बळ घटतं आणि सरसही नरम पडतो. ही कमान पावसाळ्यात जपून ठेवावी लागे, आणि ती जपायला नोकरचाकर लागत.

बंदुकीपुढे कमान मागे पडली तरी एक धनुष्य महाराष्ट्राच्या गावागावात कालपरवापर्यंत वाजत होतं: पिंजाऱ्याची धनुकली. तिची दोरी म्हणजे तात, जनावराच्या आतड्याची. लाकडी मोगरीनं तातीवर टोला मारला की ती थरथरते आणि कापूस उडून मोकळा होतो. तिरंदाजाची दोरी एका बाणापुरती थरथरते. पिंजाऱ्याच्या तातीला दिवसभर ते सोसावं लागे.

आज घरी लाकडी धनुष्य करणाऱ्यापुढे कृत्रिम धाग्यांची रिळं आहेत. १९५० च्या दशकानंतर डॅक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टर, आलं आणि जवसाच्या धाग्याच्या दोऱ्या मागे पडल्या. त्यानंतर डायनीमासारखे पॉलिथिलीनचे धागे आले. ते जवळजवळ लांबतच नाहीत. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्यावर जगज्जेतेपद मिळवलं, त्या धनुष्यांना असाच न लांबणारा धागा लागतो. लाकडी कांबीला मात्र तो सोसत नाही. दोरी जराही लांबत नसल्यामुळे बाण सुटतानाचा सगळा हिसका कांबीच्या टोकांवर बसतो, बारीक दोरी खाचेतलं लाकूड कापत जाते आणि टोकं चिरतात. म्हणून जाणकार लाकडी धनुष्याला किंचित लांबणारं डॅक्रॉन सुचवतात, आणि डायनीमाच चढवायचं असेल तर टोकांवर आधी शिंगाची किंवा कठीण लाकडाची चकती चिकटवायला सांगतात.