नवगाव येथील बेने इस्रायली कबरस्थान

नवगाव : रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. अलिबागच्या उत्तरेस, थळ-किहीमच्या पट्ट्यात. बेने इस्रायली या कोकणातील ज्यू समाजाच्या परंपरेनुसार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज येथे फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेते त्यांनी गावात पुरली, पुरुषांची एका उंचवट्याखाली आणि स्त्रियांची दुसऱ्याखाली. या घटनेला समकालीन लेखी पुरावा नाही. जागेची आठवण मात्र समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. तेथे आता स्मारकस्तंभ आहे.

वाचलेल्यांचे वंशज कोकणात तेलघाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हटले गेले. पांगले त्या गावांवरून आडनावे पडली : किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. आता तिकडून नातवंडे-पतवंडे पूर्वजांच्या कबरी शोधत येतात, तेव्हा त्यांना गावापर्यंत आणते ते हे आडनावच. पुढची वाट अवघड. कोकणातील जुन्या कबरस्थानांत पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढे वाढते, करवंदीच्या जाळ्या शिळा गिळतात. सर्वांत जुन्या कबरींवर अक्षरच नाही. त्या कोणाच्या, हे सांगणारी माणसेही गेली.

अलीकडच्या शिळा बोलक्या आहेत. मराठी व हिब्रू मजकूर शेजारी-शेजारी असतो. देवनागरी अक्षरे झिजली असली तर हिब्रू तारीख उपयोगी पडते. हिब्रूत वर्ष अक्षरांनी लिहितात व हजाराचा आकडा बहुधा गाळतात. ताव, रेश, सामेख ही अक्षरे म्हणजे ४००, २०० आणि ६०, एकूण ६६०. त्यात १२४० मिळवले की इ. स. १९०० येते. हिब्रू वर्ष शरदात सुरू होत असल्याने मृत्यू वर्षारंभीच्या महिन्यांतला असल्यास १८९९ धरावे. बोटाने खाचा चाचपत, तिरप्या उन्हात वाचल्यास पुसट अक्षरेही लागतात. शिळा तारेच्या ब्रशने घासू नये, दगडाचा पापुद्रा अक्षरांसकट निघतो.

शोध माघ-फाल्गुनात करावा, गवत वाळलेले असते. आधी अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये विचारणा करावी. तालुक्यात राहिलेली मोजकी बेने इस्रायली घरे तेथे जोडलेली आहेत, आणि कोणते घराणे कोठे पुरले जाई हे शिळेपेक्षा त्यांच्याकडूनच लवकर कळते.