टेप तोच, आवाज नवा

परवा कळमनुरीला गेलो. बाबांच्या जुन्या गाडीत धाकट्याने नवे स्पीकर बसवलेत, सीटखाली ॲम्प्लिफायर. टेप मात्र कंपनीचाच!

पूर्वी उलटं होतं. मोटोरोलाचा 1930 सालचा कार रेडिओ वेगळा घेऊन बसवावा लागे. आपल्याकडे 1983 साली मारुती 800 आली, तेव्हाही बहुतेकांनी टेप बाजारातूनच बसवून घेतले. आवाज आवडला नाही की टेपच बदलायचा. पुढे तो डॅशबोर्डमध्येच येऊ लागला. पण बारा व्होल्टवर ताकद चॅनलमागे जेमतेम वीस वॅट. म्हणून आता त्याच्या स्पीकरच्या तारांमधला सिग्नल कमी करून ॲम्प्लिफायरला देतात, आणि जोर तिथे मिळतो.

"टेप का नाही बदललास?" मी विचारलं.

"दादा, आवाजाचं बटण बाबांच्या हाताने झिजलंय रे..."

मी ते हळूच फिरवलं.