एका गृहपाठाचा इतिहास

आजचा विषय आहे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रोबोंचा. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला असा की बेंगळुरूला, 'रोबोकॉन'साठी रात्ररात्र जागणारा एखादा तरी इंजिनिअरिंगचा मुलगा किंवा मुलगी तुमच्या ओळखीत असेल. ही मुलं घरी येतात तेव्हा हाताला ग्रीस असतं, बोटांवर सोल्डरिंगचे चटके असतात आणि दप्तरात हजेरी कमी भरल्याचं पत्र. आईवडील विचारतात, "या सगळ्याला मार्क किती?" बहुतेक वेळा उत्तर असतं, शून्य.

हे उत्तर शून्य का आहे आणि ते नेहमीच तसं होतं का, हा माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे. कारण ही स्पर्धा जन्मली तीच मुळी मार्कांच्या वर्गात, एक गृहपाठ म्हणून.

सुरुवात करू एमआयटीपासून. पुणेकरांना एमआयटी म्हटलं की कोथरूड आठवतं. त्या एमआयटीकडे आपण नंतर येणारच आहोत, पण ही एमआयटी अमेरिकेतल्या केंब्रिजची. १९७० च्या दशकात तिथे मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना '२.७०' या क्रमांकाचा एक विषय असे. विषय होता यंत्ररचनेची तोंडओळख. तो ज्यांनी नावारूपाला आणला, ते प्राध्यापक म्हणजे वूडी फ्लॉवर्स.

रचना साधी होती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पिशवी मिळे. तीत पुठ्ठा, स्प्रिंगा, रबरबँड, छोट्या मोटारी असा फुटकळ माल. सगळ्यांना माल सारखाच आणि प्रश्नही सारखाच. त्या मालातून एक यंत्र बनवायचं आणि सत्राच्या शेवटी सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या यंत्राशी लढवायचं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते शिक्षकांकडेही नव्हतं. एकाच पिशवीतून शंभर जणांची शंभर वेगळी यंत्रं निघत, आणि विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळे की इंजिनिअरिंग म्हणजे सूत्रात आकडे घालणं नव्हे, निवड करणं आहे. हळूहळू या लढती बघायला सभागृह भरू लागलं. पुढे त्या अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरही दिसल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ही स्पर्धा निवडक हुशारांसाठी नव्हती. ज्याने तो विषय घेतला, त्या प्रत्येकाला यंत्र बनवावंच लागे.

आता जपानकडे वळू. टोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मासाहिरो मोरी नावाचे प्राध्यापक होते. रोबो माणसासारखा दिसू लागला, पण पुरता माणूस वाटला नाही, तर त्याची भीती का वाटते, हा विचार त्यांनी १९७० साली मांडला आणि तो आज जगभर उद्धृत होतो. मोरींनी बुद्धविचार आणि रोबो यांच्यावर पुस्तकही लिहिलं आहे. विद्यार्थ्यांनी हाताने काही घडवावं, त्यात गुंगून जावं, हा त्यांचाही ध्यास होता. १९८८ मध्ये जपानच्या एनएचके या सार्वजनिक दूरचित्रवाणीने त्यांच्या पुढाकाराने तिथल्या तंत्रशाळांची रोबो स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षीचं काम होतं, साध्या बॅटरीच्या सेलवर माणसाला बसवून नेणारी गाडी बनवायची आणि ती पळवायची. १९९० मध्ये एमआयटी आणि टोक्यो टेक या दोन संस्थांनी मिळून विद्यार्थ्यांची संयुक्त स्पर्धाही सुरू केली. तिच्यात दोन्ही देशांची मुलं मिसळून संघ पाडत.

त्याच सुमारास अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली. त्यांची खंत अशी होती की मुलं खेळाडूंना डोक्यावर घेतात, पण संशोधकांची नावंही त्यांना माहीत नसतात. फ्लॉवर्स त्यांच्या सोबतीला आले. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी पहिली स्पर्धा झाली. फ्लॉवर्स यांनी तिथे एक रीत घालून दिली. जीव तोडून लढायचं, पण समोरच्याचा मान राखून. त्याच्याकडे पाना नसेल तर आपला द्यायचा आणि मग त्याला हरवायचा प्रयत्न करायचा.

आपल्या घरापर्यंत ही गोष्ट आली ती मात्र जपानच्या वाटेने. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे या भागातल्या प्रसारण संस्थांची संघटना, हिने २००२ मध्ये टोक्योत पहिली एबीयू रोबोकॉन घेतली. आपलं दूरदर्शन या संघटनेचं सभासद. म्हणून भारतात ही स्पर्धा आली ती शिक्षण खात्यामार्फत नाही, तर टीव्हीमार्फत. प्रत्येक देशाचा एक संघ आणि यजमानांचे दोन, असा नियम. तो एक संघ निवडण्यासाठी देशांतर्गत स्पर्धा घ्यायची आणि ती दाखवायची. पुढे जे चांगलं झालं आणि जे राहून गेलं, त्या दोन्हींचं मूळ मला या एका गोष्टीत दिसतं.

चांगलं आधी सांगते. या स्पर्धेचा एक सुंदर रिवाज आहे. यजमान देश आपल्या मातीतली एखादी गोष्ट घेतो आणि तिचं इंजिनिअरिंगचं कोडं करतो. टोक्योत फुजी पर्वताचं शिखर गाठायचं होतं. २००४ मध्ये सोलला, आकाशगंगेने दुरावलेल्या प्रेमिकांच्या कोरियन लोककथेवरून, रोबोंनी पूल जुळवायचा होता. २०१० मध्ये कैरोत पिरॅमिड रचायचे होते. भारताची पाळी २००८ मध्ये आली. स्थळ पुणे आणि विषय गोविंदा! चीन, जपान, थायलंड, व्हिएतनामच्या मुलांनी वर्षभर डोकं खाजवलं ते उंचावरच्या हंडीतलं लोणी यंत्राने कसं काढायचं यावर. २०१४ मध्ये पुन्हा पुणे, विषय मातापित्यांना वंदन. एक रोबो पालक, दुसरा रोबो मूल. पालकाने मुलाला उचलून सीसॉवर, झोक्यावर न्यायचं. सगळी कामं पुरी केली की निर्विवाद विजय, आणि त्या विजयाला नाव दिलं होतं 'शाबाश'.

२०२२ मध्ये यजमानपद दिल्लीकडे होतं आणि विषय होता लगोरी. मध्य प्रदेशात, राजस्थानात राहणारे तुम्ही तिला सितोलिया म्हणत असाल, दिल्ली-पंजाबकडचे पिठ्ठू. कर्नाटकात ती लगोरीच. इथे पाच चकत्यांची लगोरी होती. एका संघाचा पहिला रोबो चेंडू मारून ती फोडणार, दुसरा रोबो ती पुन्हा रचणार. रचणाऱ्याच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला असे आणि प्रतिस्पर्धी रोबो नेम धरून तो पाडायला बघे. गल्लीत आपण हे पाचव्या वर्षी शिकतो. यंत्राला शिकवायला गेलं की कळतं, आपल्या हाताला आणि डोळ्याला किती गणित येतं ते.

देशांतर्गत स्पर्धा अनेक वर्षं पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत असे, आणि तिच्या आयोजनात कोथरूडच्या एमआयटीचा मोठा वाटा होता. पुढे ती दिल्लीला आयआयटीत गेली.

हे रोबो बनतात कसे, तेही थोडं सांगते. नियमपुस्तिका येते आणि संघ कामाला लागतो. मेकॅनिकलची मुलं सांगाडा करतात, इलेक्ट्रॉनिक्सची सर्किट, कॉम्प्युटरची प्रोग्राम. वीज २४ व्होल्टपर्यंत, हवेचा दाब ६ बारपर्यंत, सामना ३ मिनिटांचा. हवेची टाकी म्हणून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या लावलेले रोबो मी कितीतरी पाहिले आहेत. सुटे भाग आणायला पुण्याची मुलं तपकीर गल्लीत जातात, मुंबईची लॅमिंग्टन रोडला, बेंगळुरूची एस. पी. रोडला, दिल्लीची लाजपतराय मार्केटला. टर्निंगचं काम भोसरीच्या एखाद्या लेथवर. तिथला कारागीर ड्रॉइंगकडे एकदा बघतो आणि म्हणतो, "ताई, हे असं बनणार नाही." का बनणार नाही, ते तो दोन मिनिटांत सांगतो. ते वाक्य आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. वेगवेगळ्या शाखांची मुलं चार वर्षांत पहिल्यांदा एका टेबलावर येतात तीही बहुधा इथेच.

आणि इथे पैशापेक्षा डोकं चालतं, याचा पुरावा व्हिएतनामने दिला आहे. २००२ ची पहिलीच स्पर्धा हो ची मिन्ह सिटीच्या तंत्रविद्यापीठाने जिंकली. २०१४ मध्ये पुण्यात जिंकलं ते लाक हाँग विद्यापीठ, व्हिएतनामचंच. जपान आणि चीन समोर असताना या देशाने ही स्पर्धा पुन्हा पुन्हा जिंकली आहे.

आता राहून गेलेलं. फ्लॉवर्स यांच्या वर्गात यंत्र सगळ्यांनी बनवायचं होतं. आपल्याकडे स्पर्धा टीव्हीची म्हणून आली, त्यामुळे ती निवडक संघाची झाली. हजारांच्या महाविद्यालयात वीस-पंचवीस जण रोबो बनवतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. त्या बाकीच्यांच्या वाट्याला काय येतं? पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये लोखंडी पट्टी कानशीने घासून सगळ्यांनी एकच जॉब बनवायचा, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं. मग जर्नल उतरवायचं. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट, आणि तो तर बाजारात तयार मिळतो, अहवालासकट. मी अभियांत्रिकी शिकवते, म्हणून हे जवळून पाहिलं आहे. एका महाविद्यालयात कार्यशाळेला संध्याकाळी पाचला कुलूप लागे आणि वर्ग सुटत साडेचारला. अर्ध्या तासात रोबो बनत नाही. संघ मग कुणाच्या तरी गॅरेजमध्ये काम करी.

स्पर्धा अभ्यासक्रमाच्या बाहेर राहिली की आणखी एक होतं. जिंकणं हाच हेतू उरतो. मग महागड्या मोटारी घेण्याची चढाओढ लागते, आणि गेल्या वर्षीचा रोबो कोणाला दाखवायचा नसतो. पिशवी सगळ्यांना सारखी, हा मूळ नियमच गळून जातो. ज्या संघाला हे शक्य नाही, तो पहिल्याच फेरीत घरी जातो. त्याला वाटतं आपण कमी पडलो. खरं तर त्याने तेवढ्याच पैशात जास्त इंजिनिअरिंग केलेलं असतं.

यावर वाट नाही असं नाही. आयआयटी मुंबईच्या 'ई-यंत्र' उपक्रमाने २०१२ पासून जी स्पर्धा चालवली, तिच्यात पुढच्या टप्प्यात निवडलेल्या संघांना संच आयोजकच पाठवत. लहान गावातल्या कॉलेजला आणि महानगरातल्या कॉलेजला माल तोच. ही फ्लॉवर्स यांच्या पिशवीचीच आठवण आहे. शिवाय हा उपक्रम महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभारायलाही मदत करतो, म्हणजे स्पर्धा संपली तरी बाकं आणि अवजारं मागे राहतात.

आणि याहून लहान पाऊलही उचलता येतं. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ६० मुलं आहेत. दर सत्रात मी दोघांत एक पिशवी देते. दोन गिअर मोटारी, आइस्क्रीमच्या काड्या, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, पुठ्ठा, दोरा. काम असं की टेबलावरचे चेंडू समोरच्याच्या अंगणात ढकलायचे. मार्क अंतर्गत मूल्यमापनाचे दहा. तेही चेंडूंना नाहीत, वहीला आहेत. काय करून पाहिलं, काय मोडलं, मग काय बदललं, ते लिहायचं. तीस यंत्रांपैकी पंचवीस पहिल्या दिवशी चालत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ सगळी चालतात. जी चालत नाहीत त्यांच्या वह्या पुष्कळदा सगळ्यात चांगल्या असतात. वर्गात कधी हात वर न करणारी मुलं त्या टेबलाभोवती शेजारच्याला सांगत असतात की पट्टा का घसरतो.

तेव्हा तुमच्या घरात कोणी असा रोबो बनवत असेल, तर मार्क किती हा प्रश्न त्याला विचारू नका. तो कॉलेजला विचारा. पालकसभेत विचारा, माजी विद्यार्थी म्हणून विचारा. कार्यशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते? संघात नसलेल्या मुलांना काय बनवायला मिळतं? टीव्हीने या गृहपाठाला मैदान दिलं, हे त्याचं ऋण आहे. पण तो होता वर्गातला आणि होता सगळ्यांसाठी. आता त्याला परत वर्गात आणणं आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी लागते ती एक पिशवी फार महाग नाही.

पुढच्या भागात भेटूच.