पडके घर घ्यायचे आहे? आधी खरे मालक किती ते पाहा

खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या मोहल्ल्यांत फिरले की कुलूप लागलेली घरे दिसतात. कौले खाली आलेली, अंगणात रान माजलेले. मालक मुंबईत, आखातात, कुणी दक्षिण आफ्रिकेत. असे घर दलालाशिवाय, थेट मालकाशी बोलून घेता येते. पण ‘मालक’ म्हणजे नेमके कोण, हे आपण आधी पाहिले पाहिजे.

कागद : ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढावा. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणात मिळकत पत्रिका झाली असेल तर ती, बाहेर असेल तर सातबारा पाहावा. जागा वक्फची नाही ना, याची वक्फ मंडळाकडे खात्री करावी.

पहिला फोन : जमातीतल्या बुजुर्गांकडून नंबर मिळतो. सलाम करून आपण कोण, कुठले, घर कशाला हवे ते सांगावे. पहिल्याच फोनवर भाव पाडू नये. नको म्हणाले तर मागे लागू नये.

वारस : आपल्या वारसा कायद्यात थोरल्या भावाला सगळ्यांच्या वतीने घर विकता येत नाही. वडील वारले, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण आहेत आणि आजी-आजोबा हयात नाहीत, असे धरू. घराचे 40 भाग केले तर आईचे 5, प्रत्येक भावाचे 14, बहिणीचे 7. एकट्या थोरल्याने सही दिली तर आपल्याला 14 भागच मिळतात. उताऱ्यावर बहिणीचे नाव नसले म्हणून तिचा हक्क जात नाही. ‘तिने सोडलंय’ एवढ्यावर विसंबू नये; तिच्याशी स्वतः बोलावे. खरेदीखतावर तिची सही घ्यावी किंवा आधीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे. वडील नसलेल्या अज्ञान मुलाचा हिस्सा आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

परदेशातले वारस : तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करता येते. ते भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते.

शेवटी : वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, मगच विसार द्यावा, तोही बँकेतून. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे.

घर स्वस्तात मिळाले आणि कुणा बहिणीचा हिस्सा त्यात दबला, तर आपल्याला ते स्वस्त पडले असे आम्ही म्हणणार नाही.