मोठा व्हॉल्व्ह आणि उरलेले चार मिलिमीटर

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचं मोटारीच्या इंजिनात काय काम? काम आहे, आणि ते जुनं आहे. अग्नी जाळतो, पण जवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर जाळत नाही, असं उदाहरण आपल्या शास्त्रग्रंथांत येतं. मीमांसक म्हणतात, अग्नीत दाहशक्ती असते आणि मण्यामुळे ती नाहीशी होते. नैयायिक म्हणतात, वेगळी शक्ती मानायची गरजच नाही. प्रतिबंधकाचा अभाव, म्हणजे अडवणारं काही नसणं, हेही एक कारणच आहे. आज आपण नैयायिकांचं बोट धरून चालू या.

इंजिन हवा ओढतं, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात पिस्टन खाली गेला की सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि बाहेरचं वातावरण हवा आत ढकलतं. वाटेत उभा असतो इनलेट व्हॉल्व्ह. इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेऊ लागलं की हवेला आत शिरायला सेकंदाचा शंभरावा भागही धड मिळत नाही. म्हणजे मोठा व्हॉल्व्ह बसवणारा माणूस इंजिनाला शक्ती देत नसतो. तो एक अडथळा कमी करत असतो. हा फरक शब्दांपुरता नाही, हे इंग्लंडमधल्या एका इंजिनाच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतं.

ते इंजिन म्हणजे ए-सिरीज. 1951 मध्ये ऑस्टिन ए30 या गाडीतून ते आलं, तेव्हा ते होतं फक्त 803 सीसीचं. त्याच्या हेडची रचना हॅरी वेस्लेक यांची. ज्वलनकक्ष पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, आणि चार सिलिंडरांना मिळून हवा आत येण्याच्या वाटा दोनच. 1959 मध्ये हेच इंजिन 848 सीसीचं होऊन मिनी गाडीत बसलं. घरातल्या माणसांना बाजारहाट करून आणावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. इनलेट व्हॉल्व्हचा व्यास 27 मिमी, एक्झॉस्टचा 25.4, आणि ताकद 34 अश्वशक्ती.

मग शर्यतवाल्यांची नजर तिच्याकडे गेली. जॉन कूपर यांच्या आग्रहातून 1961 मध्ये मिनी कूपर आली, 1963 मध्ये कूपर एस. विल्टशायरमधल्या डाउन्टन गावात डॅनियल रिचमंड यांच्या कार्यशाळेत हेडवरची कारागिरी चालायची. कूपर एसचा बोअर 62.9 वरून 70.6 मिमी झाला, इनलेट व्हॉल्व्ह सुमारे 35.6 मिमी, एक्झॉस्ट 31. आता आकडे बघा. व्यास वाढला तिसऱ्या हिश्श्याने, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून व्हॉल्व्हचं तोंड जवळजवळ पावणेदोनपट झालं. 1964, 1965 आणि 1967 मध्ये या चिमुकल्या गाडीने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली.

पण पावणेदोनपट हवा आत गेली का? नाही. व्हॉल्व्ह सीटवरून उचलला जातो तेव्हा हवा त्याच्या कडेभोवतीच्या फटीतून जाते. ती फट तोंडाच्या क्षेत्रफळाएवढी व्हायला व्हॉल्व्ह व्यासाच्या एक चतुर्थांश उचलावा लागतो. 27 मिमीला पावणेसात, 35.6 मिमीला जवळजवळ नऊ. उचल जुनीच ठेवली तर फट नुसत्या व्यासाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 32 टक्के. शिवाय मोठ्या व्हॉल्व्हची कड कक्षाच्या भिंतीला खेटली, तर त्या बाजूने हवा जातच नाही. म्हणून जाणता कारागीर नुसती सीट कापून मोठा व्हॉल्व्ह टाकत नाही. तो भिंत मागे घेतो, सीटखालचा गळा रुंद करतो, मग कक्षाचं आकारमान पुन्हा मोजतो. इतकं करूनही दोन सिलिंडरांना मिळून एकच वाट, हा अडथळा राहतोच. आणि कमी वेगाला रुंद वाटेत हवा मंदावते, पेट्रोल नीट मिसळत नाही. गर्दीच्या रस्त्यावर गाडी अडखळते.

खरी किंमत मात्र वेगळीच होती. जुन्या मिनीत दोन्ही व्हॉल्व्हचे व्यास एका रांगेत मांडले तर 52.4 मिमी होतात; बोअरमध्ये साडेदहा मिमी शिल्लक राहतात. कूपर एसमध्ये हीच बेरीज 66.6. उरले चार मिलिमीटर! दोन सीटांमधला लोखंडाचा पूल त्यातूनच काढायचा. एका बाजूला थंड हवा, दुसऱ्या बाजूला धगधगता धूर. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवाटेच बाहेर पडते, म्हणजे त्याच पुलात उतरते. कूपर एसची हेड नेमकी तिथेच तडकायची, हे त्या गाडीच्या जाणकारांना चांगलं ठाऊक आहे.

पुढे 1982 च्या एमजी मेट्रोत याच इंजिनाचं 1275 सीसीचं रूप आलं. त्यात इनलेट 35.6 मिमीचाच ठेवला, पण एक्झॉस्ट 29.2 वर आणला. जेमतेम दोन मिमी मागे सरकले आणि पुलाला तेवढं लोखंड परत मिळालं. धूर दाबाने बाहेर फेकला जातो, त्याला हवेइतकी मोठी वाट लागत नाही, हा त्यामागचा हिशोब. याला माघार म्हणाल का? आम्ही नाही म्हणणार.

दुसरं उत्तर तर या सगळ्याच्या कितीतरी आधी देऊन झालं होतं. 1912 मध्ये प्यूजोच्या शर्यतीच्या गाडीत दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते, आणि जॉर्ज ब्वालो यांनी तिच्यावर फ्रान्सची ग्रां प्री जिंकली. एक मोठा करण्याऐवजी दोन लहान ठेवले की त्याच जागेत कड जास्त मिळते, फट जास्त मिळते, आणि वजन वाटलं जातं. पण त्याला गुंतागुंतीचं आणि महाग हेड लागतं. स्वस्त मिनीला ते परवडणारं नव्हतं.

तेव्हा 'व्हॉल्व्ह किती मोठा बसेल?' या प्रश्नाचं उत्तर मोजपट्टी देते. 'आत्ता नेमकं अडवतंय काय?' हा प्रश्न मात्र दर वेळी नव्याने विचारावा लागतो, कारण एक अडथळा हटला की पुढचा पुढे येतो: कधी भिंत, कधी उचल, कधी सामाईक वाट. आणि प्रत्येक वस्तू अडथळाच असते असंही नाही. ते चार मिलिमीटर हवेच्या वाटेत होते खरे, पण हेड अखंड ठेवण्याचं कामही तेच करत होते.

आज इथेच थांबू या. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.